डाबरेकाकांचं तुलूझ

माझ्या हातून आयुष्यात एकच खोटी सही झाली, आणि तीही नऊशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच घराण्याच्या कागदावर. पुण्यात वाढलेल्या बाईला हे कबूल करायला जड जातं. दुसऱ्याच्या चुका काढायचा आम्हाला लहानपणापासून सराव; न वाचता सही करणं हे इतरांचं काम. पण ती सही मी केली, डाबरेकाकांनी विश्वासाने पुढे केलेल्या कागदावर केली, आणि पुढचं सगळं त्या सहीतून निघालं.

डाबरेकाका म्हणजे कॉनराड डाबरे. वसईचे. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. कंपनी पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे बनवते. मी तिथे कामांची वेळापत्रकं आखते आणि ती कोणी पाळत नाही म्हणून चिडते. काकांचं टेबल माझ्या शेजारी. ते ओमानात आले तेव्हा मी चौथीत होते. आले होते दोन वर्षांसाठी. दोन वर्षांसाठी आलेला माणूस आखातात ओळखायला सोपा असतो, त्याला तीस वर्षं झालेली असतात. काकांना तेहतीस झाली.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात तीन गोष्टी: पेन्सिल, पिवळा मार्कर, लाल पेन. हॉटेलात गेले तरी मेनूकार्डावर त्यांचा हात लाल पेनाकडे जायचा. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एकीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची; तपासणारा बरोबर असेल त्यावर पिवळं ओढतो, चूक असेल तिथे लाल. दुसरी सही नसेल तर काकांच्या लेखी तो नकाशा नव्हेच, रद्दी. "काढणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही, बाय," ते मला सांगायचे. "आपला तो बाब्या होतो ना."

आता वसईच्या या माणसाचा आणि फ्रान्सच्या सरदारांचा संबंध काय, तर तो कंपनीनेच जोडून दिला. चौदा वर्षांपूर्वी एका पंपिंग स्टेशनचे व्हॉल्व्ह दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझजवळच्या कारखान्यात तयार होत होते. ते बघायला जाणार होता आमचा इंजिनिअर. त्याचा व्हिसा अडकला, काकांचा आला. अकरा दिवस गेले. मधल्या रविवारी मिस्साला म्हणून शहरातल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये गेले, आणि दाराशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात, जाळीच्या मागे त्यांना दगडी शवपेट्या दिसल्या. तुलूझच्या काउंटांच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्या सरदारांच्या. कॉफीवाल्यापासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांना विचारून त्यांनी एवढं जाणून घेतलं की या घराण्यातला सगळ्यात मोठा काउंट, चौथा रेमंड, या पेट्यांत नाही. तो पहिल्या क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, गेला तो परत आलाच नाही. पूर्वेला समुद्राकाठी त्रिपोली नावाच्या शहराबाहेर किल्ला बांधून बसला आणि तिकडेच गेला.

"पंचावन्न वर्षांचा होता निघाला तेव्हा," काका म्हणायचे. "एवढं मोठं घरदार, सगळं टाकून. का?"

या 'का'पायी त्यांनी चौदा वर्षं घालवली. कंपनीचं काम संपलं की घरी जाऊन ते त्या घराण्याचा वंशवृक्ष काढत. वृक्ष म्हणायचं आपलं. त्यांना झाड काढता येत नव्हतं, पाइपलाइन येत होती. त्यामुळे तुलूझचं घराणं डावीकडून उजवीकडे वाहत होतं. घराण्यात सात रेमंड, म्हणून प्रत्येकाला व्हॉल्व्हसारखा नंबर. लग्न म्हणजे दोन पाइप जोडणारी फ्लँज. अनौरस मूल म्हणजे तुटक रेघ. चौथ्या रेमंडचा थोरला मुलगा बर्त्रां औरस की अनौरस याबद्दल इतिहासकारांत वाद, तर काकांनी तिथे अर्धी रेघ अखंड काढली आणि अर्धी तुटक. आणि प्रत्येक माणसाच्या चौकटीत सगळ्यात खाली एकच शब्द: 'घरी' किंवा 'परदेशी'. म्हणजे मरण कुठे आलं. जन्माच्या सनावळीत काका एखाद्या वर्षाची सूट द्यायचे, या शब्दात नाही.

आता घरचं. काकांची बायको मॅग्डलिन इथल्या एका हॉटेलात लिननची व्यवस्था बघायची. ती जानेवारीतच नोकरी सोडून वसईला गेली होती, घर लावायला. घर म्हणजे काकांनी तेहतीस वर्षांत वीट वीट करून उभं केलेलं दुमजली प्रकरण. पुढे केळीची वाडी, मागे विहीर. वरचा मजला मुलासाठी. मुलगा रॉयस्टन, सत्तावीस वर्षांचा, मस्कतमध्ये जन्मलेला, सोहारच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात मेंटेनन्सला. काकांची नोकरी आणि व्हिसा जूनच्या तीस तारखेला संपत होता. रॉयस्टनने आपल्याबरोबर वसईला यावं, वरचा मजला उघडावा, एवढी एकच इच्छा काकांनी धरली होती. ती पुरी झाली नाही तर तेहतीस वर्षं कशासाठी, असं त्यांनी मला एकदा चहाच्या वेळी विचारलंही होतं. मी चिडून चहाला नावं ठेवली.

रॉयस्टन येणार नव्हता. बापलेक भांडत नव्हते, ते त्याहून वाईट करत होते. ते गाडीच्या एसीबद्दल बोलत होते. दर गुरुवारी संध्याकाळी तो सोहारहून दोनशे किलोमीटर गाडी चालवत यायचा आणि दोघं दोन दिवस गाडीच्या एसीबद्दल बोलायचे.

मेमध्ये इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या शुक्रवारच्या कट्ट्याचा वक्ता ऐन वेळी आजारी पडला. गुडघेदुखीवर बोलणार होता. कट्ट्याची जबाबदारी माझ्याकडे, म्हणजे कोणीच घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे. मी काकांना म्हटलं, तुमचं तुलूझ घेऊन या. काका असे उजळले की मला आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. अट एकच. नकाशा तपासणाऱ्याच्या सहीशिवाय बाहेर काढणार नाही.

"बाय, तूच बघ. तुझी नजर बारीक आहे."

तीन मीटर लांब कागद, शेदीडशे चौकटी, आणि मला चार वाजता साइटची मीटिंग. मी पहिला रेमंड पाहिला, शेवटचा पाहिला, मधल्यांवर विश्वास ठेवला आणि 'तपासलं'च्या चौकटीत सही ठोकली.

"लाल काहीच नाही?" काकांनी विचारलं.

"फर्स्ट क्लास आहे हो काका," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी दहाला उडप्याच्या हॉटेलातल्या वरच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. इडलीचा वाटा किती आणि इतिहासाचा किती हा हिशेब मी मांडत नाही. रॉयस्टनला काकांनी लॅपटॉपवर बसवलं होतं. भिंतीवर त्यांनी नकाशा डकवला आणि दोन टाय एकावर एक बांधल्यासारखे अवघडून बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटांत अवघडलेपण गेलं. पंचावन्न वर्षांचा एक डोळ्याने अधू म्हातारा सगळ्यात मोठं सैन्य घेऊन निघाला, बायको बरोबर, तान्हं मूल बरोबर, ते मूल वाटेत गेलं, जेरुसलेम पडल्यावर याला राजा हो म्हणाले तर नको म्हणाला, आणि मग राजा दुसरा झाल्यावर रुसला. "आपल्याकडच्या सोसायटीत असतात तसा," काका म्हणाले. हॉल हसला.

"त्रिपोली म्हणजे लिबियातलं ना?" नंदू पेठे मध्येच. नंदू चार वर्षं लिबियात काढून आलाय आणि जगातली कुठलीही गोष्ट तिकडे नेऊन बांधतो.

"नाही नाही. हे लेबनॉनमधलं."

"पण लिबियात पण आहे."

"आहे ना. ते तुझ्याकडेच राहू दे."

मग काका त्यांच्या लाडक्या जागी आले. नकाशाच्या मधोमध दोन पाइप एकमेकांना ओलांडत होते, आणि ओलांडताना एकाने दुसऱ्यावरून छोटी उडी मारली होती. त्रिपोलीच्या बाहेर, वेढा चालू असताना, म्हाताऱ्या रेमंडला एक मुलगा झाला. जॉर्डन नदीत बाप्तिस्मा केला म्हणून त्याला अल्फोन्स जॉर्डन म्हणायचे. दोन वर्षांत बाप गेला, त्रिपोली शहर काही त्याला बघायला मिळालं नाही. मग थोरला बर्त्रां, जो तुलूझमध्ये वाढला होता, तो जहाजं घेऊन पूर्वेला आला आणि त्रिपोलीचा काउंट झाला. आणि धाकटा, जो त्रिपोलीजवळ जन्मला होता, त्याला आईने जहाजात घालून तुलूझला आणलं, आणि पाचसहा वर्षांचं ते पोर पुढे तिथला काउंट झालं.

"अदलाबदल," काका म्हणाले. "आता बघा. जी शाखा तिकडेच राहिली, ती पाचव्या पिढीला खलास. वारस नाही, दुसऱ्याच घराण्याकडे गेलं सगळं. आणि जो घरी परत आला, हा जॉर्डन, त्याने पस्तीसएक वर्षं राज्य केलं, आणि घर पुढे चाललं सव्वाशे वर्षं. इतिहास काय सांगतो? माणसाने घरी परत यावं."

हे बोलताना ते हॉलकडे बघत नव्हते. लॅपटॉपकडे बघत होते. मला तेव्हा लख्ख कळलं की हे व्याख्यान चाळीस जणांसाठी नव्हतंच.

माझी मुलगी मैथिली बारा वर्षांची आहे. मस्कतमधल्याच बौशरच्या फ्लॅटमध्ये वाढली, मराठी बोलताना एकेक शब्द चाचपते. तिने हात वर केला.

"काका, तो जॉर्डन… घरी परत आला असं का? तो तर तिकडे बॉर्न झाला ना? तुलूझ त्याने… आधी सीन केलंच नव्हतं."

"घर बापाचं होतं ना बेटा."

"हां, पण त्याचं?"

काका पाणी प्यायले. तेवढ्यात रॉयस्टन लॅपटॉपवरून उठला, भिंतीजवळ गेला आणि जॉर्डनच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे चौकटीच्या तळाशी 'घरी'ही नव्हतं, 'परदेशी'ही नव्हतं. शब्दाच्या जागी नागमोडी रेघेचा एक ढग होता आणि त्यात लिहिलं होतं 'होल्ड'. नकाशात एखादी माहिती अजून हाती आलेली नसली की असा ढग काढतात. म्हणजे थांबा, हे ठरायचं आहे.

"डॅडी, हे होल्ड कशाला? इन्फर्मेशन तर आहे. त्याचं पुढे काय झालं ते सांग ना लोकांना."

काका खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "पंचेचाळीस वर्षांचा असताना तो क्रूसेडला निघाला," ते हळू म्हणाले. "समुद्राने पॅलेस्टाइनला उतरला. थोड्याच दिवसांत कैसरिया नावाच्या गावी मेला. विष घातलं म्हणतात, कोणी ते अजून ठरलेलं नाही."

"म्हणजे जिथे बॉर्न झाला त्या साइडला परत गेला," रॉयस्टन म्हणाला. "एवढी वर्षं राज्य करून. आणि हे तू होल्डवर ठेवलं." मग त्याने कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघितलं. "आणि चेक कोणी केलं हे?"

माझी सही माझ्याकडे बघत होती. नंदू पेठेने विचारलं की कैसरिया लिबियाच्या कुठल्या बाजूला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

रविवारी, म्हणजे इथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात मी काकांची माफी मागितली. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी नुसती मान हलवली. "तू बघितलं असतंस तर विचारलं असतंस, म्हणून मीही तुला घाई करू दिली. तुझी चार वाजताची मीटिंग मला माहीत होती."

"मग शब्द लिहून का नाही टाकलात?"

"कुठला?" ते म्हणाले. "सगळ्यांचं जमलं, बाय. चौथा रेमंड परदेशी. सहावा घरी मेला, पण पोपशी भांडण, शापित म्हणून चर्चने मातीसुद्धा दिली नाही, पेटी उघड्यावर पडून राहिली. तरी मी 'घरी' लिहिलं. घराण्याची शेवटची वारस झान आणि तिचा नवरा क्रूसेडवरून परतताना चार दिवसांच्या अंतराने गेले, तिच्यासाठी मी नवा शब्द काढला, 'वाटेत'. पण या जॉर्डनचं काय लिहू? 'घरी' लिहिलं, म्हणजे जन्मला तेच घर म्हटलं, तर वसईचा वरचा मजला खोटा. 'परदेशी' लिहिलं तर माझं पोर खोटं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ऑफिसात रडायची माझी ही दुसरीच वेळ. पहिली वेळापत्रकामुळे होती. मग माझ्या पुणेरी डोक्यात एक गोष्ट आली आणि ती मी लगेच बोलून टाकली. "काका, माझी सही खोडा. नकाशा तपासायला त्यालाच द्या."

"रॉयस्टनला?"

"तुम्हीच म्हणता ना, आपला तो बाब्या. बाब्यालाच तपासू दे."

काका किती तरी वेळ लाल पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. दुपारी त्यांनी नवीन प्रत छापली. होल्डचा ढग काढून टाकला होता आणि त्या जागी 'परदेशी' लिहिलं होतं. 'तपासलं'ची चौकट कोरी. पुढच्या शुक्रवारी त्यांनी ती गुंडाळी, पिवळा मार्कर आणि लाल पेन रॉयस्टनच्या गाडीत ठेवली. काय बोलले असतील म्हणून मी विचारलं. "एसी परत आवाज करतोय म्हणालो," काका म्हणाले.

तीन आठवडे काही नाही. ऑफिसात निरोपाचा केक कापला गेला. आमच्या ओमानी मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, काकांना घट्ट मिठी मारली आणि तो "इन्शाल्ला परत भेटू" म्हणाला. काकांनी टेबल रिकामं केलं. तेहतीस वर्षांचं एकूण सामान एका खोक्यात बसलं, त्यात अर्धं पेन्सिलींचं.

तीस तारखेला दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले, म्हणजे गेले रॉयस्टनच्या गाडीमागून, कारण त्या गाडीत दोन बॅगा, एक मिक्सर आणि मॅग्डलिनने मागवलेल्या खजुराच्या पेट्या होत्या. बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत गेल्यावर रॉयस्टनने पुठ्ठ्याची नळी उघडून नकाशा बाहेर काढला आणि ट्रॉलीवर पसरला.

सगळा पिवळा. त्या पोराने खरोखर एकेक चौकट तपासली होती. सनावळ्या, फ्लँजा, तुटक रेघा, प्रत्येक रेमंडवर पिवळा फराटा. बर्त्रांच्या अर्ध्या तुटक रेघेवरसुद्धा पिवळा. शेदीडशे चौकटींत लाल फक्त एका जागी. अल्फोन्स जॉर्डनच्या चौकटीत 'परदेशी' शब्दावर सरळ लाल काट होती, आणि शेजारी, शाळेत मराठी कधीच न शिकलेल्या हाताने, एकेक अक्षर जपून काढलेलं होतं: 'घरी'.

खाली 'तपासलं'च्या चौकटीत सही. आर. डाबरे.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं. वाद घालतील असं मला वाटलं. त्यांच्याकडे कैसरियापासून त्रिपोली किती लांब, राज्य वेगळं, सगळे मुद्दे तयार असणार.

"चेकरचं लाल आलं की ड्राफ्ट्समनने वाद घालायचा नाही," ते म्हणाले. "नकाशा सुधारायचा." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिथेच ट्रॉलीवर वाकून 'परदेशी' खोडलं आणि स्वतःच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात 'घरी' लिहिलं. मग नकाशा गुंडाळून रॉयस्टनच्याच हातात दिला. "मूळ प्रत तुझ्याकडे. मी घरी गेल्यावर कॉपी छापेन."

"ओके, डॅडी."

"एसी बघून घे."

"हो."

काका ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेले, पासपोर्ट काढला, आणि वळले.

"रॉयस्टन, नाताळला घरी ये," ते म्हणाले, आणि थांबले. तेहतीस वर्षं तपासून नकाशे काढलेल्या माणसाला आपली चूक लगेच दिसली. त्यांनी वाक्य सुधारून परत म्हटलं.

"नाताळला आमच्याकडे ये."

रॉयस्टनने नळी छातीशी धरली होती. "येतो, डॅडी," तो म्हणाला. "मॉमला सांग, वरची रूम साफ करून ठेव म्हणून. मी पंधरा दिवस राहणार आहे."